वॉक चौकातून सुरू करा

दिल्लीच्या तीन मूर्ती भवनाचा हेरिटेज वॉक आखायची एक सोपी वाट आहे. तिकीटखिडकीपाशी जमायचे, नेहरूंच्या खोल्या दाखवायच्या, जॅकेटवरच्या गुलाबाची गोष्ट सांगायची आणि गट सोडून द्यायचा. इतिहास सांगणाऱ्याचे तेवढ्यात भागेल, वास्तू वाचायला शिकवणाऱ्याचे भागणार नाही.

या वास्तूला नाव देणारे स्मारक फाटकाबाहेर, चौकात आहे आणि ते वास्तूहून जुने आहे. लेनर्ड जेनिंग्स यांनी घडवलेले ब्राँझचे तीन सैनिक दगडी स्तंभाभोवती १९२२ साली उभे राहिले. रॉबर्ट टॉर रसेल यांनी आखलेला वाडा १९३० साली पुरा झाला, तोही सरसेनापतीसाठी. तेव्हाचे त्याचे नाव फ्लॅगस्टाफ हाउस. व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या दक्षिणेला सेनाप्रमुखाचे घर आणि त्याच्या पुढ्यात युद्धस्मारक. नव्या राजधानीतली सत्तेची उतरंड चौकात उभे राहूनच कळते. आत शिरल्यावर ती डोळ्यांआड होते. नेहरू इथे राहायला आले ते १९४८ मध्ये.

कॅनॉट प्लेसही रसेल यांचेच. तिथले पांढरे स्तंभ पाहून आलेल्या गटाला या वाड्याचा पांढरा गिलावा दाखवून एकाच हाताची ओळख पटवता येते. लट्यन्स यांच्या व्हाइसरॉय-प्रासादाचा वालुकाश्म शेजारीच आहे. तुलनेला आणखी काय हवे?

स्मारकाबद्दल मात्र सैल बोलणे थांबायला हवे. तीन मूर्ती पहिल्या महायुद्धात एकाच ब्रिगेडमध्ये असलेल्या जोधपूर, मैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांच्या. २०१८ मध्ये चौकाच्या नावात हैफा (आताच्या इस्रायलमधले शहर) आल्यापासून तिघांनी मिळून हैफा जिंकले, असे सर्रास सांगितले जाते. २३ सप्टेंबर १९१८ची ती चढाई जोधपूर आणि मैसूरच्या लान्सर्सनी केली; मेजर दलपतसिंग तिथेच पडले. हैदराबादचे लान्सर्स त्याच ब्रिगेडमध्ये होते, त्या चढाईत नव्हते. शिवाय ही ब्रिगेड सुएझ कालव्याच्या रक्षणापासून युद्धात होती. एका दिवसाच्या पराक्रमापायी चार वर्षांची मोहीम गिळून टाकणे बरे नव्हे.

आवारातही घाई नको. फिरोजशाह तुघलकाच्या काळातला कुशक महाल इथेच आहे, चौदाव्या शतकातले शिकारगृह. वाड्याच्या सावलीत तो नेहमीच उपेक्षित राहतो. मानसिंग राणा यांचे तारांगण १९८४चे, पंतप्रधान संग्रहालयाची नवी इमारत २०२२ची. तुघलकी दगडी भिंतीपासून या इमारतीपर्यंत एकाच आवारात जवळपास साडेसहाशे वर्षांचे बांधकाम चालत पाहता येते. वेळ कमी असेल तर खोल्यांमधल्या वस्तू वगळाव्यात, कुशक महाल वगळू नये.