भाजलेली माती आणि तणनाशकाचा हिशेब

मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांत भाताच्या रोपांसाठी वैशाखात राब भाजण्याची रीत जुनी आहे. रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि आग लावायची. टहाळ तोडण्याच्या हक्कावरून १८८० च्या दशकात हा प्रश्न मुंबई वन आयोगापुढे गेला. पुढे १९१२ साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. भाजणीने तणाचे बी मरते व रोपाला नत्र लवकर मिळतो, हे तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्‌भवतो तो या जुन्या रीतीच्या जोडीला नवे तणनाशक येते तेव्हा. डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांकडे माणसे वळली, बेणणीला मजूर मिळेनासे झाले. तेव्हा शेतकऱ्याने बाटली घेतली यात नवल नाही. मात्र ब्युटाक्लोर किंवा २,४-डी यांसारखी द्रव्ये जमिनीत विघटित होतात ती मुख्यतः सूक्ष्म जिवाणूंमुळे. उष्णतेने तणाच्या बियांबरोबर वरच्या थरातील हे जिवाणूही मरतात. ते कालांतराने परततात. परंतु तोवर विघटन मंदावते. शिवाय राबातील कोळसा औषध धरून ठेवतो. त्यामुळे तण मरत नाही, शेतकरी मात्रा वाढवतो आणि जे उरते ते कोवळ्या रोपाला अथवा मागाहून घेतलेल्या भाजीपाल्याला भोवू शकते. राबाचा तुकडा लहान असतो, म्हणून तेथील धोकाही मर्यादित. हरितगृहात फॉर्मॅलीनने संपूर्ण वाफे निर्जंतुक करतात, तेथे तो अधिक गंभीर ठरतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बाटलीच्या किमतीत औषधाचा खर्च असतो. ते जिरवण्याचे काम माती फुकट करते. ज्या सेवेला बाजारात भाव नाही, ती नाहीशी झाली तरी जमाखर्चात तूट दिसत नाही. ती दिसते पुढच्या पिकात आणि भरावी लागते अशा अल्पभूधारकाला, ज्याला एक हंगामही गमावणे परवडत नाही.

म्हणून राब बंद करा किंवा तणनाशक फेकून द्या, असा टोकाचा उपदेश व्यर्थ आहे. दोन्हींचा सल्ला एकत्र मिळावा, एवढीच मागणी रास्त ठरेल. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये औषधासोबत माहितीपत्रक द्यावे लागते. भाजलेल्या वा निर्जंतुक केलेल्या जमिनीत काय काळजी घ्यावी, हे त्यात सोप्या मराठीत असावे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा अनुभव सहायक कृषि अधिकाऱ्यांमार्फत बांधापर्यंत पोचावा.

दरम्यान एक साधी परीक्षा कोणालाही करता येईल. औषध मारलेल्या व न मारलेल्या जागेची माती दोन कुंड्यांत घ्यावी, पुढील पिकाचे बी दोहोंत पेरावे आणि पंधरवडाभर वाढ ताडून पाहावी. ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून आसपासच्या गावांसाठी हे काम करून घेतले, तर त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीला शेतकऱ्याच्या लेखीही काही मोल येईल.