वर्गणी मागू नका, बसचं तिकीट काढा

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला (आयटीवाल्याच्या हिशोबाने पहाटेच) फोन वाजला. कळवणहून. आमच्या मंडळाचा खजिनदार, शाळेपासूनचा दोस्त.

"काय भो, झोपला होता का?"

झोपलोच होतो. पण गावाकडून फोन आला की 'नाही रे, उठलोय कधीचा' असंच म्हणायचं असतं. म्हटलं.

मुद्दा असा की मंडळ यंदा 'काहीतरी वेगळं' करणार आहे. वेगळं म्हणजे तणावमुक्ती शिबिर. नाशिकहून एक मोठे वक्ते येणार, पाच तासांचा कार्यक्रम, सकाळी योगा, दुपारी भोजन, संध्याकाळी लाफ्टर थेरपी. फलक छापून तयार. फक्त बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलांनी जरा हात सैल सोडावा, माझ्या नावावर पाच हजार लिहिलेत.

मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मंडळाला नाही म्हणालो, आणि त्यावरून आमचं फोनवर वाजलं. रविवारचा अख्खा दिवस डोकं त्यातच होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगतो. मी मंडळांच्या विरोधात नाही. पुण्यात आल्यावर 'ही मंडळं म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा' असं म्हणायची एक फॅशन असते, तसलं मी बोलणार नाही. मी स्वतः त्या मंडळाच्या मांडवात वाढलोय. नवरात्रात सप्तशृंगी गडावरून ज्योत घेऊन पळत येणाऱ्या पोरांमध्ये मी होतो. रात्रभर पाळीपाळीने पळायचं, मागे टेम्पोत बाकीचे, सकाळी गावात पोचलो की बायका पायावर पाणी घालायच्या. ते पळणं, ते 'पुढची पाळी माझी' म्हणून भांडणं, याच्याइतकं मनाला बरं वाटणारं मी त्यानंतर काहीच केलेलं नाही. माझ्या कंपनीचा 'वेलनेस वीक' तर नाहीच नाही. (त्यात आम्हाला एक स्ट्रेस बॉल मिळाला होता. डेडलाईन मात्र तीच राहिली.)

तर आमच्या त्या ज्योतीच्या गँगमध्ये एक जण होता. दहावीला माझ्याच बेंचवर. सगळ्यात जास्त अंतर तोच पळायचा. त्याची थोडी शेती आहे, आधी डाळिंब होतं, ते तेल्याने गेलं. कसमादे पट्ट्यात तेल्या म्हणजे काय हे सांगायला नको. मग सगळा भार कांद्यावर. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. त्या उन्हाळ्यात हा हळूहळू बोलायचा बंद झाला. कांद्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. त्याच्या आधीही एकदा कॉलेजात असताना तो असाच महिनाभर घराबाहेर पडला नव्हता, तेव्हा आम्ही 'प्रेमभंग झाला असेल' म्हणून हसलो होतो.

या वेळेला झोप गेली, जेवण गेलं. गल्लीत चर्चा सुरू. "त्यानं डोकं फिरनं." आधी भगताकडे नेलं, मग गडावर नवस. आठ-दहा महिने यातच गेले. शेवटी त्याच्या आईने, मावशीने, हट्ट धरून नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार आठवड्यांनी तो रात्री झोपायला लागला, मला फोन करून क्रिकेटवर बोलला. आणि दुसऱ्या महिन्यानंतर गोळ्या बंद.

का बंद? इथे आपल्यासारख्या शहरी लोकांना लगेच वाटतं की जनजागृती नाही, गैरसमज, अंधश्रद्धा वगैरे. तसं काही नव्हतं. मावशींना सगळं कळत होतं. कांदा काढणीला आला होता आणि नाशिकला जायचं म्हणजे दोघांचा अख्खा दिवस मोडतो. नांदुरी, वणी, दिंडोरी करत एसटी सत्तर-ऐंशी किलोमीटर जाते, मग तिथे लाईन, मग परत. दवाखान्यात पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा फुकट आहे. पण दवाखान्यापर्यंत पोचणं फुकट नाही. मावशींचं तिकीट अर्धं (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं), त्याचं पूर्ण, वर दोघांची बुडालेली मजुरी. आणि माणूस जरा बरा दिसायला लागला की खर्चाच्या वहीतून पहिली कुठली ओळ कटते ते सांगायला नको.

डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायलाच काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. म्हणजे खरी गरज त्या काळात असते जेव्हा माणूस वरून ठीक दिसत असतो. आमच्या भाषेत, बग फिक्स झाल्यासारखा दिसतो आणि सगळे घरी निघून जातात, त्याच वेळी.

आता मंडळाकडे येतो. हाच मित्र २०१९ ला गाडीवरून पडला होता, पाय मोडला होता. तेव्हा काय झालं माहितीये? दोन तासांत पंचवीस पोरं दवाखान्यात. कुणी रक्त दिलं, कुणी डबा आणला, संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस हजार गोळा. पावती नाही, फलक नाही, मीटिंग नाही. महिनाभर आळीपाळीने एकेक जण त्याच्याकडे रात्री झोपायला जायचा. एवढी ताकद आहे या मंडळात. आणि डोक्याचं दुखणं आलं तेव्हा त्याच पंचवीस पोरांपैकी किती जण त्याच्या ओट्यावर जाऊन बसले? मी मोजून सांगतो, दोन. मी त्यात नव्हतो. मी पुण्यातून 'काळजी घे रे' असा मेसेज टाकला आणि खाली हात जोडल्याची इमोजी.

म्हणून तो शिबिराचा फोन डोक्यात गेला. ज्या गल्लीत आपला माणूस गोळ्यांविना बसलाय, त्याच गल्लीच्या तोंडाशी मांडव टाकून आपण 'सकारात्मक विचार करा' ऐकणार?

खजिनदाराने बजेट सांगितलं होतं. वक्त्यांचं मानधन आणि गाडी मिळून चाळीस हजार, मांडव पंचवीस, साऊंड वीस, जेवण पंचवीस, फलक दहा. झाले एक लाख वीस हजार. आता माझा हिशोब. पेशंट आणि सोबतचा एक माणूस, कळवण-नाशिक येऊन-जाऊन एसटी, रिक्षा, चहा-नाश्ता, सढळ हाताने सहाशे रुपये धरा. महिन्याला एक फेरी. सोळा माणसं, बारा महिने, १९२ फेऱ्या. एक लाख पंधरा हजार दोनशे. उरलेल्या अठ्ठेचाळीसशेत एका पोराला गोळ्यांच्या तारखा लिहायला वही आणि वर्षभराचा फोन रिचार्ज. म्हणजे पाच तासांच्या टाळ्या विकत घ्यायच्या की सोळा घरांत वर्षभर औषध सुटू द्यायचं नाही, किंमत साधारण सारखीच आहे.

मित्र म्हणाला, "अरे पण त्यात दिसणार काय? देणगीदाराला काय दाखवू?" प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. कारण हा दोष त्याचा एकट्याचा नाही, पैसा येण्याची वाटच तशी बांधलीय. मंडळाने सणाची वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची आणि नंतर हिशोब सादर करायचा. चांगलंच आहे. पण ती परवानगी तात्पुरत्या कामाची. म्हणून पैसाही तात्पुरता, कार्यक्रम झाला की संपला. बारा महिने चालणारं काम करायचं तर ट्रस्ट नोंदवा, बारा-ए काढा, ऐंशी-जी काढा. आणि कंपन्यांचा सीएसआर? कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ म्हणतं की ठरावीक आकाराच्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेत, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. आता कळवणच्या 'परिसरात' कुठली कंपनी आहे, सांगा. आहे बाजार समिती, कांद्याचे व्यापारी आणि चणकापूरचं धरण. त्यात २०२१ पासून सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेची वेगळी नोंदणी लागते. आमच्या मंडळाकडे एक पावतीपुस्तक आहे आणि एक रबरी शिक्का.

त्यामुळे आपण, म्हणजे कळवणची, सटाण्याची, देवळ्याची जी पोरं पुण्या-मुंबईत लॅपटॉप बडवतात, तोच काय तो या मंडळांचा सीएसआर. आणि आपण कसे पैसे देतो? फोटो बघून देतो. ग्रुपवर फोटो आला की अंगठा, फोटो नाही आला की 'हिशोब काय झाला रे?' मग मंडळ फोटो निघेल असंच काम करणार ना! हातात गोळ्यांची पट्टी घेतलेल्या माणसाचा फोटो कुणी टाकत नाही, आणि टाकूही नये. तेव्हा डीजेला, शिबिराला शिव्या घालण्याआधी आपण गेल्या पाच वर्षांत कशाकशाला पैसे दिले ते जीपे उघडून बघा. मी बघितलं. बघवत नाही.

'हे सरकारचं काम आहे' असं म्हणणारे कमेंट टाकायला टपलेले असतील. बरोबर, आहेच सरकारचं काम. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर उपचार मिळणं हा हक्कच केलाय. तरीही निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तो मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी. नाशिक त्यात नव्हतं, आम्ही 'सधन' ना! १४४१६ हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. तुमच्या घरातल्या प्रत्येक फोनमध्ये तो सेव्ह करा, आत्ता. पण ज्याला तोंड धुवायलाही उठवत नाही तो नंबर लावणार नाही. शेजारी बसून कुणीतरी लावून द्यावा लागतो. तो 'कुणीतरी' सरकार कुठून पुरवणार? तो मंडळाकडे आहे. प्रत्येक घर माहीत असलेला, दारात गेला तर कुणी हाकलणार नाही असा.

आणि हे काही मी हवेत सांगत नाहीये. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता, गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचा. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, ती घरोघर गेली, बोलली, गरज पडली तिथे डॉक्टरशी गाठ घालून दिली. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलंय. गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत डिप्रेशनच्या लोकांना फरक पाडून दाखवला, त्याची रीतसर चाचणी झाली. ही सगळी साधी माणसं होती, ट्रेनिंग घेतलेली आणि पुन्हा पुन्हा जाणारी. आमचे मोठे वक्ते पुन्हा येणार नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी मालेगाव आहे.

गडाबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल हा शहाणा देवावर घसरला. मावशी गडावर गेल्या याचा मला अजिबात राग नाही. गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्गा आहे, तिथे 'दवा आणि दुआ' म्हणून काम चालू झालं. तिथल्या मुजावरांनीच लोकांना सांगायचं, दुआ करा आणि शेजारी डॉक्टर बसलाय त्यालाही दाखवा. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या लाखो लोकांसाठी आमच्या तालुक्यातली मंडळं चहा, पाणी, पाय चेपायची सोय करतात. त्या मांडवात एक टेबल या कामाचं असायला काय हरकत आहे? भगताने मारहाण केली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. पण जो नुसता अंगारा देतो त्याला शत्रू करून काय मिळणार, पेशंट तर सगळ्यात आधी त्याच्याकडेच जातो.

एक गोष्ट खजिनदाराची मला मान्य करावी लागली. तो म्हणाला, "शिबिराला निदान बायका बाहेर तरी पडतील, हसतील. तुझ्या तिकिटांच्या योजनेत ज्याचं नाव लागलं तो गल्लीत वेडा ठरंल, त्याचं काय?" यावर मी फोनवर गप्प बसलो. बरोबर आहे त्याचं. पावतीपुस्तकात सोळा नावं लिहिली की ती गावभर होणार. म्हणून माझं म्हणणं, नावं एकाच माणसाकडे राहू देत, आशाताई असेल किंवा बचत गटाची एखादी समजूतदार बाई, आणि मंडळाने फक्त 'दवाखाना प्रवास' असा एक आकडा दाखवावा. मग त्यात डायलिसिसवालाही बसेल, कॅन्सरवालाही, आणि आपला दोस्तही. कुणाचं काय ते कुणाला कळायचं कारण नाही. आमच्या सिस्टीममध्ये अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात तेच हे.

हे सगळं मी त्याला रविवारी रात्री लिहून पाठवलं. निळी टिक आली. सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही. बुधवारी उत्तर आलं: "वक्त्यांना ॲडव्हान्स देऊन झालाय भो. जेवण आणि मोठे फलक कॅन्सल करतो, पस्तीस हजार वाचतील. तेवढे तुझ्या खात्यात, मीटिंगला मांडतो. पण तू स्वतः ये, फोनवरून अक्कल शिकवू नको."

चरफडलो. मग शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. मावशींना फोन करून सांगितलं येतोय म्हणून, तर म्हणाल्या, "ये बाबा, पण मीटिंगच्या आधी घरी ये. तो विचारत होता, पाय अजून पळतात का तुझे म्हणून."