शर्यतीचा पूर्वरंग

नमनालाच घडाभर तेल जाळू नये, असे आपल्याकडे म्हणतात. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीचे रसिक दरवर्षी जुलैच्या आरंभी जवळपास हीच तक्रार करीत असतात. २१ टप्पे, मधले विश्रांतीचे दोन दिवस धरून २३ दिवसांचा कालावधी आणि सव्वातीन हजार किलोमीटरांच्या आसपासचे अंतर, असा या शर्यतीचा पसारा असतो. पहिल्या आठवड्यातील बरेचसे टप्पे सपाट मुलखातून जातात. सकाळी दोन-चार अप्रसिद्ध सायकलपटू पुढे निघतात, मागचा मोठा जथा त्यांना दोर सोडावा तसे सोडतो, सायंकाळी पुन्हा ओढून घेतो आणि अखेरच्या दोनशे मीटरांत वेगवान धावेत तरबेज असलेले गडी निकाल लावतात. चार-पाच तासांच्या प्रतीक्षेनंतर पंधरा सेकंदांचा खेळ! मग आरंभीच डोंगर का नाहीत, असा प्रश्न रसिक विचारू लागतात.

वरवर पाहता हा प्रश्न निरुपद्रवी आहे. ज्याला कंटाळा आला त्याने तो बोलून दाखवावा, यात वावगे काय? परंतु ही शर्यत आखणारी मंडळी प्रेक्षकांच्या मर्जीकडे डोळे लावून असतात आणि प्रेक्षकांच्या घाईची किंमत पुष्कळदा तिसऱ्याच कुणाच्या तरी हाडांना मोजावी लागते. म्हणून या तक्रारीचा विचार केवळ करमणुकीचा प्रश्न म्हणून करून चालणार नाही.

मुळात ही शर्यत जन्माला आली तीच लोकांनी तिच्याविषयी बोलावे म्हणून. १९०३ साली ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडापत्राने, संपादक आंरी देग्रांज यांच्या नेतृत्वाखाली, आपला खप वाढवण्यासाठी ती सुरू केली. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियाँ असा ४६७ किलोमीटरांचा होता. ६० जण निघाले, २१ जण शेवटपर्यंत पोहोचले आणि पहिला टप्पा जिंकणारा मॉरिस गारँ हाच अखेरचा विजेता ठरला. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई. आघाडीवरील सायकलपटूला १९१९ पासून मिळू लागलेल्या पिवळ्या जर्सीचा रंग तोच. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला शर्यत येते ती काही क्षणच. बाकी सारी त्याने वाचलेली, ऐकलेली आणि चारचौघांत चर्चिलेली असते. पुढे दूरचित्रवाणी आली. तरीही दीर्घकाळ प्रत्येक टप्प्याचा केवळ उत्तरार्धच दिसत असे. २०१७ पासून प्रत्येक टप्पा आरंभापासून अखेरपर्यंत दाखवला जाऊ लागला. पूर्वी जो निवांतपणा नजरेआड घडत होता, तो आता प्रेक्षकांच्या पुढ्यात आला. शर्यतीपेक्षा तिच्याकडे पाहण्याची रीत अधिक बदलली आहे, ही गोष्ट तक्रारखोरांनी ध्यानात घ्यावयास हवी.

वस्तुतः त्या निवांत दिसणाऱ्या जथ्यात काय चाललेले असते? सायकलपटूचा खरा शत्रू अंतर नव्हे, वारा. दुसऱ्याच्या पाठीशी राहिल्याने सुमारे एक-तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सारे एकत्र चालतात. त्यातच नियम असा की, एकत्र पोहोचलेल्या घोळक्यातील सर्वांना एकच वेळ दिली जाते. मध्ये अंतर पडले, तर मात्र मागच्यांचे सेकंद जातात. वारा आडवा असला की जथ्याचे तुकडे होतात. २०२५ साली लील शहराभोवतीच्या पहिल्याच सपाट टप्प्यात असे घडले. वाऱ्याने फळी फुटली आणि विजेतेपदाचे दावेदार रेम्को एव्हेनपूल व प्रिमोझ रोग्लिच ३९ सेकंदांनी मागे पडले. तादेय पोगाचार आणि योनास विंगेगार्ड मात्र पुढच्या तुकडीत होते. डोंगराचे नाव नव्हते. होते ते सावधपण आणि त्याचा अभाव.

अशा सेकंदांना शर्यतीत किती मोल असते, हे १९८९ च्या शर्यतीने कायमचे दाखवून दिले आहे. त्या वर्षी तीन आठवड्यांनंतर ग्रेग लेमाँडने लोरां फिन्याँवर मात केली ती अवघ्या ८ सेकंदांनी. इतक्या अल्प फरकाने ही शर्यत आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. आणि त्याच वर्षी आदल्या सालचा विजेता पेद्रो देल्गादो लक्झेंबर्गमधील आरंभीच्या छोट्या टप्प्याला २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोहोचला. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. देल्गादोने पुढे डोंगरांतून जिवाचे रान केले आणि तिसरा क्रमांक मिळवला. परंतु पहिल्या दिवशीचे ते ओझे त्याने पॅरिसपर्यंत वाहिले. पहिल्या आठवड्यात ही शर्यत सहसा जिंकता येत नाही, हरता मात्र खुशाल येते. ज्याला हे उमगले त्याला सपाट टप्पा पाहताना कंटाळा येण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. डोंगर हे मोजक्या बलवंतांचे राज्य असते. सपाट रस्ता मात्र इतरांनाही आपले म्हणता येतो. १ जुलै २०२४ रोजी तुरीन येथे संपलेला टप्पा त्या वर्षीचा सर्वांत लांब आणि अनेकांच्या मते सर्वांत रटाळ होता. परंतु त्या दिवशी एरिट्रियाचा बिनियाम गिरमे प्रथम आला आणि या शर्यतीचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सायकलपटू ठरला. दोन दिवसांनी सँ-व्ह्युल्बा येथे मार्क कॅव्हेंडिशने आपला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ विजयांचा जुना उच्चांक मोडला. हाच कॅव्हेंडिश पहिल्या दिवशी उन्हाने हैराण होऊन, वांत्या करीत, सहकाऱ्यांच्या आधाराने मुदतीच्या आत कसाबसा पोहोचला होता. ज्यांचे लक्ष केवळ अग्रभागी होते, त्यांनी शर्यतीचा हा अर्धा भाग पाहिलाच नाही.

२०२५ चेच उदाहरण पुढे पाहावे. पहिल्या ११ टप्प्यांत एकही उत्तुंग पर्वत नव्हता. त्या काळात पिवळी जर्सी यास्पर फिलिप्सन, माथ्यू व्हान डर पूल, पोगाचार आणि बेन हीली अशा चौघांच्या अंगावर चढली. सहाव्या टप्प्याअखेर व्हान डर पूल एका सेकंदाने पुढे होता. बाराव्या टप्प्यात ओताकामचा डोंगर आला, पोगाचारने विंगेगार्डला २ मिनिटे १० सेकंदांनी मागे टाकले आणि पुढील नऊ टप्प्यांतील उत्सुकता एका दुपारीत बरीचशी ओसरली. ज्या डोंगरांची रसिक आतुरतेने वाट पाहत होते, त्यांनीच रंगाचा बेरंग केला. आणि ज्या पूर्वरंगास त्यांनी नाके मुरडली, त्यातच खरी चुरस होती.

आयोजक रसिकांची नाराजी ओळखून असतात. २०२४ साली फ्लॉरेन्सहून निघालेला पहिलाच टप्पा डोंगराळ होता आणि चौथ्याच दिवशी गालिबिएचा उत्तुंग घाट ओलांडावा लागला. असा एखादा प्रयोग अवश्य व्हावा. त्यास कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु सपाट टप्पा म्हणजे भरताड, अशी समजूत रूढ झाली, तर त्या दिवसांवर जगणाऱ्या सायकलपटूंची ही शर्यतच नाहीशी होईल.

आता हाडांच्या किमतीविषयी. आरंभी सर्वांचे पाय ताजे असतात, कुणीही मागे पडलेला नसतो आणि प्रत्येकाला पुढेच राहावयाचे असते. पावणेदोनशेहून अधिक सायकली, अरुंद रस्ता आणि पुढच्या वीस जागा, असे हे विषम गणित आहे. २६ जून २०२१ रोजी पहिल्याच टप्प्यात रस्त्याकडेच्या एका प्रेक्षक स्त्रीने आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला फलक कॅमेऱ्यासमोर धरला. तिची पाठ सायकलपटूंकडे होती. टोनी मार्टिन त्या फलकावर आदळून पडला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलपटू कोसळले. पुढे न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला. परंतु सारा दोष तिच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. दोनच दिवसांनी तिसऱ्या टप्प्यात कोणताही फलक नसताना रोग्लिच पडला, जॅक हेग आणि केलब ईवन यांची हाडे मोडली. विजेतेपदाची वेळ अंतिम रेषेच्या बरीच आधी मोजावी, ही सायकलपटूंची विनंती त्या दिवशी मानली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी निघताक्षणी साऱ्या जथ्याने सुमारे मिनिटभर थांबून मूक निषेध नोंदवला. २०२५ साली पहिल्या टप्प्याचा विजेता फिलिप्सन तिसऱ्या टप्प्यात पडून घरी गेला.

यावर जुने रसिक म्हणतात की, धोका हा या खेळाचा स्वभावच आहे. तो काढला तर उरेल काय? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. घाटाच्या उतारावर आपल्या हिमतीने वेग घेणाऱ्याचे धाडस आणि दुसऱ्याच्या धक्क्याने विनाकारण कठड्यावर आदळणे, यांत मात्र भेद केला पाहिजे. पहिले क्रीडाकौशल्य आहे, दुसरे नाही.

सुधारणा होत आहेत, पण मंदगतीने. २०१८ पासून संघातील नवाऐवजी आठच सायकलपटू उतरतात. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत पडलेल्यास आपल्या घोळक्याचीच वेळ मिळते. अलीकडे ती मर्यादा काही टप्प्यांपुरती पाच किलोमीटरांपर्यंत नेण्याची मुभा आहे. २०२५ पासून बेशिस्तीसाठी पिवळे कार्डही आले आहे. याच्या एक पाऊल पुढे जाऊन सपाट टप्प्यांत सर्वंकष क्रमवारीची वेळ अंतिम रेषेच्या पुष्कळ आधी मोजावी आणि शेवटचा रस्ता टप्पा जिंकू पाहणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा. तसे केल्यास चुरस संपेल, ही भीती अनाठायी आहे. २७ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधील अखेरच्या टप्प्यात पावसामुळे वेळ सुमारे ५० किलोमीटर आधीच निश्चित करण्यात आली होती. तरीही मोंमार्त्रच्या चढावर झुंज जुंपली. विजेतेपद पक्के झालेला पोगाचार स्वतः त्यात उतरला आणि टप्पा जिंकला तो वाउट व्हान आर्टने. घड्याळ थांबले म्हणून शर्यत थांबली नाही.

आपल्याकडील मुंबई-पुणे सायकल शर्यतीशी परिचय असलेल्या वाचकांस हा विषय फारसा परका वाटू नये. त्या शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि गर्दीही घाटातच होते. परंतु खोपोलीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ज्याने वारा चुकवला नाही, पाणी वेळेवर घेतले नाही किंवा जो घोळक्यात पडला, त्याला घाटात राजा होण्याची संधीच मिळत नाही. कीर्तनात पूर्वरंग चालू असताना मागे बसून जांभया देणारे आणि आख्यान सुरू होताच पुढे सरकणारे श्रोते असतात. ते आख्यान ऐकतात खरे, पण बुवांनी कशासाठी ते निवडले हे त्यांना कळत नाही.

रसिकांनी बोलू नये, असे कोण म्हणेल? त्यांच्या बोलण्यावरच ही शर्यत सव्वाशे वर्षे जगली आहे. मात्र आयोजकांकडे काही मागावयाचेच असेल, तर पहिल्याच दिवशी डोंगर मागण्याआधी त्यांनी रुंद रस्ते, वेळेची आधी होणारी मोजणी आणि आपल्याच शेजारी उभ्या असलेल्या प्रेक्षकाकडून शिस्त मागावी. निघालेले सारे सायकलपटू डोंगराच्या पायथ्याशी धडधाकट पोहोचले, तर पुढील झुंज पाहण्यात त्यांनाही अधिक गोडी वाटेल.