सहा न्यायाधीश, दोन निकाल

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळचे पपनसाचे सरबत दोन घोट घेऊन फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ होता. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा संशय आला, विषप्रयोगाचा आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला आणि पाच महिन्यांत त्यांची गादी गेली. दीडशे वर्षांनंतरही कोणत्याही पटकथाकाराला मोह पडावा असे हे कथानक आहे. त्याच्या शेवटाबद्दल लोक तेव्हाही भांडले, आणि राजकीय नाटकाचा प्रेक्षक का भांडतो हे त्या भांडणातून नीट कळते.

फेब्रुवारी १८७५ मध्ये बडोद्यात चौकशी कमिशन बसले. बाजू मांडायला मल्हाररावांनी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणला. माफीचा साक्षीदार झालेले त्यांचेच खासगी चिटणीस दामोदरपंत आणि रेसिडेन्सीतले नोकर यांच्या जबान्यांवर सरकारपक्षाची भिस्त होती. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल या तिघा इंग्रजांनी आरोप खरा मानला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे यांनी तो सिद्ध झाला नाही असे सांगितले. पुरावा तोच, साक्षी त्याच, मते तीन विरुद्ध तीन.

यानंतर सरकारने केले ते मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. विषप्रयोगाच्या आरोपावर निकाल न देताच एप्रिलमध्ये मल्हाररावांना गैरकारभारासाठी पदच्युत केले. गैरकारभार खोटा नव्हता. १८७३ सालीच मीड यांच्या कमिशनपुढे रयतेच्या तक्रारींचा ढीग पडला होता, आणि दिवाण म्हणून आलेले दादाभाई नौरोजी वर्षभरात राजीनामा देऊन परतले होते. पण खटला एका गुन्ह्याचा चालवायचा आणि शिक्षा दुसऱ्याची द्यायची, हे लोकांना पटले नाही. राजा वाईट असू शकतो आणि त्याच्यावरचा हा आरोप तरी शाबीत नसू शकतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणे ही राजकीय प्रौढता आहे. ती त्या काळच्या सामान्य वाचकांत होती. सरकारने मात्र ती गृहीत धरली नाही.

नाटककारांनी विषय लगेच उचलला. मराठीत नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले, बंगालीत अमृतलाल बसूंनी ‘हीरकचूर्ण’. १८७६ साली नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आला. त्याला बडोद्याचे प्रकरण एकटे कारणीभूत नव्हते, कलकत्त्यात इंग्लंडच्या युवराजांच्या भेटीवरून झालेले प्रहसन अधिक झोंबले होते. पण कायद्यामागची समजूत एकच होती: प्रेक्षक रंगमंचावरचे खरे मानून बहकेल, म्हणून त्याच्यासाठी निर्णय आम्ही घेऊ. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांनी कीचकाच्या जागी कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढे स्वराज्यातही ही समजूत टिकली, फक्त ती बाळगणारे बदलले. १९७२ च्या अखेरीस आलेले ‘घाशीराम कोतवाल’ १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच थांबवले. नाना फडणवीस असे दाखवायचे का, हा वाद अगदी रास्त होता. पण वादाची जागा बंदीने घेतली की वादही मरतो.

आज हाच वाद दूरचित्रवाणीवरच्या मालिकांवरून होतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ संपत आली तेव्हा महाराजांचे हाल पडद्यावर किती दाखवायचे, यावर महाराष्ट्राबरोबरच बडोद्यातल्या मराठी घरांतही तावातावाने बोलले गेले. मला ही चर्चा मोलाची वाटते. लेखकाने हा प्रसंग का गाळला, या पात्राला एवढी सहानुभूती का दिली, असे विचारणारा माणूस उद्या सरकारी निवेदनातही काय गाळले आहे ते विचारतो. तो लेखकाशी भांडला तर भांडू द्यावे. मात्र आपला राजा निष्कलंकच हवा, नाहीतर प्रक्षेपण बंद करा, असे तो म्हणू लागला की तो १८७६ च्या कायद्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. २०१८ मध्ये तो कायदा रद्द झाला. मनातला रद्द व्हायचा आहे.

मल्हारराव १८८२ साली मद्रासेत नजरकैदेत वारले. बडोद्याला त्यांच्या जागी कवळाण्याचा गोपाळ आला, तो पुढे सयाजीराव झाला, आणि त्या उजेडात आधीचे प्रकरण या शहराने जवळजवळ विसरून टाकले. त्यावर मराठी-गुजराती मालिका कोणी केली तर माझी एकच विनंती आहे. मल्हाररावांना हुतात्मा करू नका, खलनायकही करू नका. शेवटच्या भागात सहाही जणांची मते वाचून दाखवा आणि निकाल आम्हा प्रेक्षकांवर सोडा.