फोटो नको, रेघा दाखवा

'फोटो आहे का?' अवकाशाबद्दल काहीही बोला, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पहिला प्रश्न हाच. परवा मी एका म्हाताऱ्या ताऱ्याच्या वर्णपटाचा आलेख टाकला. एक अंगठा आला.

मला हे खटकतं, कारण आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. सर्व्हर पडल्यावर नुसता स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला आम्हीच झापतो, 'लॉग पाठव!' आकाशाच्या बाबतीत मात्र स्क्रीनशॉटवर खूश.

२०१६चं उदाहरण घ्या. चिलीतल्या पारानालच्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून 'आयरास ०८५४४-४४३१' या उतारवयातल्या जोडताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचं चित्र मिळवलं. अंतर सुमारे ४,००० प्रकाशवर्षं. कामगिरी अफाट, वादच नाही. पण त्या कड्यावर कितीही झूम करा, तिथला वायू ताऱ्यांभोवती फिरतोय की बाहेर उधळला जातोय, हे त्यातून कळत नाही. ते कळतं अवरक्त वर्णपटातून. २.३ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइडच्या रेघांची दाटी असते. वायू आपल्याकडे येत असेल तर रेघ निळ्याकडे सरकते, लांब जात असेल तर लालकडे. तबकडी फिरत असेल तर ती दोन्हीकडे फाकते. किती फाकली त्यावरून वेग, आणि वेगावरून वायू ताऱ्यांपासून किती लांब आहे त्याचा अंदाज.

खरी गंमत तर पुढेच आहे. 'एचआर ४०४९' हाही असाच जोडतारा. त्यातल्या मुख्य ताऱ्यात लोह सूर्याच्या दहा हजारांश भागाहूनही कमी, गंधक मात्र जवळपास सूर्याइतकंच. मग लोह गेलं कुठे? तबकडीतल्या धुळीच्या कणांत अडकलं, आणि उरलेला वायू ताऱ्याने परत ओढून घेतला. स्वतःच टाकलेलं गाळून पुन्हा प्यायला पठ्ठ्या! हे कुठल्या फोटोत दिसणार?

'आलेख आम्हाला कळत नाहीत' हे तर मला सांगूच नका. शेअर बाजाराच्या लाल-हिरव्या मेणबत्त्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बघणारी माणसं आहात तुम्ही. शिवाय हे सगळं काही परदेशातच चालत नाही. नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर बसवलेला 'टॅनस्पेक' हा वर्णपटमापक मुंबईच्या टीआयएफआरच्या सहभागातून झालाय आणि तो २.५ मायक्रॉनपर्यंत पाहतो. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची ती दाटी त्याच्या टप्प्यात येते. सुट्या रेघा वेगळ्या करण्याइतका तो बारीक नाही, हेही खरं.

परवाच्या त्या एकुलत्या अंगठेवाल्याला मी कॅन्टीनमध्ये गाठलं आणि आलेखात नेमकं काय आवडलं, विचारलं.

'अरे, मला वाटलं निफ्टी आहे.'