रिपोर्ट नॉर्मल, पण शौचात रक्त

पावसाळा लागला की मीरा रोड-भाईंदरच्या दवाखान्यांत मुरडा झालेली मुले वाढतात. बहुतेकांची रक्ती आव आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते. पण एखाद्या मुलाच्या शौचात तीन-चार आठवडे रक्त दिसत राहते. मेट्रोनिडाझोलचा एक कोर्स होतो, मग दुसरा. सीबीसी आणि सीआरपी केली जाते, आकडे ठीक येतात आणि पालकांना ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगितले जाते. अशा मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर त्या नॉर्मल रिपोर्टमुळेच निदान महिनोन्‌महिने लांबते.

हे का घडते, ते समजून घेऊ. सीआरपी यकृतात तयार होते आणि तिला मुख्यतः इंटरल्युकिन-६ चालना देते. क्रोन्स आजारात आतड्याच्या भिंतीची सारी जाडी सुजते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह बहुतांशी आतल्या अस्तरापुरता राहतो, त्यामुळे सीआरपी अनेकदा फारशी वाढत नाही. २००७ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये या दोन आजारांचे नव्याने निदान झालेल्या ५२६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सौम्य अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ५४ टक्के मुलांमध्ये हिमोग्लोबिन, प्लेटलेट, ईएसआर आणि अल्ब्युमिन या चारही तपासण्या नॉर्मल होत्या. मध्यम व तीव्र आजारात हेच प्रमाण जेमतेम ४ टक्क्यांवर येते. अर्थ स्पष्ट आहे. बिघडलेला आकडा संशय पक्का करतो, चांगला आकडा मात्र संशय मिटवत नाही. त्याच वर्षी आलेला ‘पुकाई’ हा आजाराची तीव्रता मोजणारा ० ते ८५ गुणांचा निर्देशांक पोटदुखी, शौचातले रक्त, शौचाचा घट्टपणा, दिवसातल्या खेपा, रात्री शौचासाठी उठणे आणि मुलाची हालचाल एवढ्यावरच उभा आहे. त्यात रक्ताची एकही तपासणी नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त फसवते ते हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. रक्तक्षय इतका सर्रास दिसतो की त्याचे कारण शोधण्याची सवयच राहत नाही, लोहाचे सिरप लिहून दिले जाते. आपल्या शहरात सिंधी आणि लोहाणा कुटुंबेही आहेत, त्यामुळे थॅलेसेमिया मायनरचाही विचार करावा लागतो. पण लोह देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर रक्त आतड्यातून जाते आहे का, हे विचारलेच पाहिजे. फेरिटिनही जपून वाचावे. दाहात ते वाढते, म्हणून ३० च्या वर असले तरी शरीरात लोहाची कमतरता असू शकते. रक्तक्षयाने ईएसआर आपोआप चढतो आणि लोहाच्या कमतरतेने प्लेटलेट वाढतात, हेही विसरू नये. अमेरिका-कॅनडातल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेली ४ ते १७ वर्षांची ४२८ मुले होती. सुरुवातीला हिमोग्लोबिन १० किंवा अधिक असलेल्या मुलांना वर्षभरानंतर स्टेरॉइडशिवाय आराम राहण्याची शक्यता जास्त होती. आपण सिरप देऊन पुढे जातो, तोच आकडा आजाराची पुढची वाट सांगत असतो.

रक्ततपासणीचा खरा उपयोग निदान झाल्यावर सुरू होतो. पुकाई ६५ किंवा त्याहून अधिक झाला की मूल दाखल करावे लागते. तिथे सीआरपी, अल्ब्युमिन आणि पोटॅशियम वारंवार पाहायचे असते. सीआरपीचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्याने उपचाराचा परिणाम तिच्यात लवकर दिसतो. उपचाराच्या तिसऱ्या दिवशी पुकाई ४५ च्या वर असेल तर पुढच्या औषधाची तयारी करायची, पाचव्या दिवशी ६५ च्या वर असेल तर ते सुरू करायचे. जीजीटी आणि एएलटी पित्तनलिकांच्या आजाराची सूचना देतात. अ‍ॅझाथायोप्रिन देण्यापूर्वी नुड्ट-१५ जनुकाची तपासणी भारतीय मुलांत विशेष मोलाची आहे, कारण त्यातल्या बदलामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. पी-एएनसीए मात्र चाळणी म्हणून मागू नये. ती सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांतच सापडते, आणि नकारात्मक आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

आपल्या शहरात कोलोनोस्कोपीसाठी मुलाला अनेकदा लोकलने परळपर्यंत न्यावे लागते. पालकांचा रोजगार बुडतो, म्हणून आपण पाठवायला कचरतो. ही अडचण खरी आहे, पण तिचे ओझे मुलाच्या आतड्यावर टाकता येणार नाही. उशीर परवडणारा नाही, कारण मुलांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस बहुधा संपूर्ण मोठ्या आतड्यात पसरलेला असतो.

म्हणून बालरोगतज्ज्ञ आणि कौटुंबिक डॉक्टरांना आमची विनंती आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ शौचात रक्त असेल तर शौचाचे कल्चर आणि अमीबाची तपासणी करा. अमीबा नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नका. शक्य असेल तिथे शौचातील कॅलप्रोटेक्टिन मागवा, मात्र जंतुसंसर्गातही ते वाढते हे ध्यानात ठेवा. वजन आणि उंची तक्त्यावर मांडा. चौकशीत उत्तर मिळाले नाही, तर पुकाईचे गुण, तारखा आणि सगळे रिपोर्ट चिठ्ठीत लिहून मुलाला पुढे पाठवा. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती चिठ्ठी लिहायची थांबवू नका.