आधी ठाण, मग आकडा

व्यायामशाळेतील पराक्रम आजही बहुधा आकड्यांत सांगितला जातो. अमुक तरुण दोनशे बैठका काढतो, तमुक पाचशे. त्या काढताना त्याची पावले कोठे होती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पाय रोवून उभे राहण्याच्या रीतीला मराठीत ‘ठाण’ असा नेमका शब्द आहे. शब्द टिकला, त्यामागची दृष्टी मात्र विरळ होत चालली आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न हौसेचा नाही. कोरडवाहू शेतीवर विसंबलेल्या घरांतील मुलामुलींना पोलीस भरती हा मोठाच आधार वाटतो. तेथे मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते, गोळाफेकही असते. या साऱ्याचा भार पायांवर. चुकीच्या सरावाने ऐन भरतीच्या तोंडावर गुडघा दुखावला, तर वर्षभराची तपश्चर्या वाया जाते.

शरीराचे गणित सरळ आहे. पावले जवळ ठेवून खाली बसले की गुडघे अधिक पुढे जातात व घोट्याची लवचिकता पणाला लागते. पावलांत अंतर वाढविले की नितंबांचे व मांडीच्या आतील बाजूचे स्नायू अधिक राबतात. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्यांच्या रुंदीच्या ७५, १०० व १४० टक्के अंतरावर पावले ठेवून हे तपासले गेले. मांडीच्या पुढील स्नायूंच्या कामात ठाणाने विशेष फरक पडला नाही. आपली पारंपरिक बैठक टाचा उचलून, चवड्यांवर काढली जाते. तिचा ताण मांडीच्या पुढील भागावर व गुडघ्यावर येतो. चपळाई व दम यांसाठी ती उत्तम. परंतु खांद्यावर वजन घेतल्यावर टाच जमिनीला टेकलेलीच हवी आणि गुडघा पावलाच्या दिशेनेच वळायला हवा.

जुन्या मल्लांनी हजारो बैठका काढल्या, त्यांनी कोठे अंतरे मोजली, असा आक्षेप घेतला जाईल. त्यांनी मोजली नसतील. परंतु वस्तादाची नजर ते काम करीत होती. खुब्याच्या सांध्याची घडण जन्मतः प्रत्येकाची निराळी असते. म्हणून एकच ठाण सर्वांवर लादणे जितके चूक, तितकेच मोबाइलवरील चित्रफीत पाहून कोणाचे तरी ठाण उचलणेही चूक.

शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. ती प्रतिष्ठा शिस्तबद्ध शिक्षणातून आली होती. वाशीमच्या गावोगावच्या व्यायामशाळांनी तोच धडा गिरवावा. नव्या मुलाला पहिल्या दिवशी आकडा देऊ नये. आधी त्याचे ठाण पाहावे, सुधारावे, मगच मोजणी सुरू करावी. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. जाणती नजर आणि थोडा धीर पुरेसा आहे.